एसएमएसमधली कविता, झेरॉक्सवरचं कॉमिक : फिलिपिनो साहित्यावर वाचकांचे प्रश्न

ऑक्टोबर २०२५च्या फ्रँकफर्ट पुस्तक मेळ्यात फिलिपाइन्स हा सन्माननीय पाहुणा देश होता. तेव्हापासून तिथल्या नव्या साहित्यप्रकारांबद्दल बरीच पत्रं आली. त्यातल्या निवडक प्रश्नांना या वेळच्या सदरात उत्तरं देत आहोत. 'फिलिपिनो' ही तिथली राष्ट्रभाषा तागालोगच्या पायावर उभी आहे, म्हणून खाली दोन्ही नावं येतील.

प्रश्न (सांगली) : फिलिपिनो साहित्यातल्या नव्या प्रकारांची एकच यादी सगळीकडे सापडते. चिक लिट (तरुण स्त्रियांसाठीच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या), डूडल फिक्शन (मजकुरात रेखाटनं मिसळलेली गोष्ट), टेक्स्ट-टॉक कादंबरी (संदेश-चॅटच्या रूपातली), सहा शब्दांची कथा, हायपरपोएट्री (लिंक जोडलेली डिजिटल कविता), ब्लॉग, ग्राफिक कादंबरी. यातलं तिथे खरंच काय लिहिलं जातं?

ही यादी शाळेतून आलेली आहे. फिलिपाइन्समध्ये अकरावी-बारावीची नवी रचना २०१६ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यात 'फिलिपाइन्स आणि जगाचं एकविसाव्या शतकातलं साहित्य' हा विषय सगळ्यांना सक्तीचा होता. त्या विषयाच्या नोट्समधून ही यादी पसरली. तिची अडचण अशी की बरीचशी उदाहरणं बाहेरची आहेत. डूडल फिक्शन म्हटलं की बहुधा एखादं अमेरिकन बालपुस्तक पुढे केलं जातं. यादी पाठ करून फिलिपिनो लेखक काय करताहेत ते कळत नाही.

तिथे मुळं धरलेले प्रकार वेगळे आहेत. दाग्ली ही अतिलघुकथा, मोबाइलवरची छंदोबद्ध कविता, वॉटपॅड या ऑनलाइन कथामंचावरची क्रमशः कादंबरी, आसवांग-तिकबालांग या लोककथांतल्या भुताखेतांना आजच्या मनिलात आणणारं कॉमिक, 'स्पेक्युलेटिव्ह' कल्पितकथा आणि मंचावरची बोलती कविता. चिक लिटही आहे. २००० नंतरच्या दशकात मासिकांच्या प्रकाशकांनी ती पुढे आणली. २०१३ मध्ये मिना एस्गेर्रा या लेखिकेने 'रोमान्सक्लास' नावाने ऑनलाइन वर्ग सुरू केला आणि त्यातून इंग्रजीत प्रेमकथा लिहून स्वतःच छापणाऱ्या लेखिकांचा मोठा गट उभा राहिला.

या प्रत्येक नव्या प्रकाराखाली एक जुना प्रकार आहे. बदललं ते भांडं : वर्तमानपत्राचा रकाना, १६० चिन्हांचा संदेश, झेरॉक्सची पानं, मोबाइलचा पडदा. भांड्याचं माप कळलं की प्रकार कळतो.

प्रश्न (नाशिक) : दाग्ली म्हणजे आपली 'अलक' (अति लघु कथा)च ना? मग तिला नवा प्रकार का म्हणायचं?

लांबी सारखी आहे, वंशावळ वेगळी. दाग्ली शंभर वर्षांहून जुनी आहे. 'दाग्ली' म्हणजे झटकन. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, अमेरिकन राजवटीत, तागालोग वर्तमानपत्रांत रकाना-दीड रकान्याचे हे तुकडे यायचे. कधी प्रेमपत्रासारखे, कुणा अनामिक तरुणीला उद्देशून, तर कधी नव्या मालकांवर आणि त्यांच्या पुढेपुढे करणाऱ्यांवर तुटून पडणारे. रोलांदो तोलेंतिनो आणि अरिस्टॉटल आतिएन्सा यांनी १९०३ ते १९३६ या काळातल्या दाग्लींचं संपादन करून ते २००७ मध्ये पुस्तकरूपात आणलं, आणि नव्या लेखकांच्या लक्षात आलं की आपण ज्याला 'फ्लॅश फिक्शन' म्हणतोय त्याला घरचं नाव आहे. एरोस आतालिया यांच्या दाग्ली तरुण वाचकांत भरपूर वाचल्या गेल्या. आब्दोन बाल्दे यांनी माप आणखी घट्ट केलं : जास्तीत जास्त १५० शब्द, आणि नाव 'किस्लाप', म्हणजे चमक. 'एका क्षणातली कथा' या अर्थाच्या तागालोग शब्दांचे तुकडे जोडूनही हेच नाव होतं. '१०० किस्लाप' हे त्यांचं पुस्तक २०११चं.

मराठीत करून बघणाऱ्यांसाठी एक सूचना. १५० तागालोग शब्द म्हणजे १५० मराठी शब्द नव्हेत. 'सा बाहाय नङ लोला को' हे पाच शब्द मराठीत 'माझ्या आजीच्या घरी' असे तीनच होतात, कारण त्यांचे 'सा', 'नङ', 'आंग' हे सुटे शब्द असतात आणि आपले प्रत्यय नामाला चिकटतात. तेव्हा मराठी किस्लापला ९० ते १०० शब्द हे खरं माप. त्यात जागा एक, माणसं दोन, वेळ सलग. शीर्षकाला काम द्या : कथेत न सांगितलेली माहिती शीर्षकात बसवली की दहा-पंधरा शब्द वाचतात.

बिघडतं ते बहुधा शेवटी. शेवटच्या ओळीत धक्का द्यायचाच या हट्टापायी आधीचा सगळा मजकूर त्या धक्क्याचा सापळा होऊन बसतो आणि दुसऱ्या वाचनाला कथेत काहीच उरत नाही. जुन्या दाग्लींत असा धक्का असलाच पाहिजे असं नव्हतं. कित्येक एखाद्या आरोपावर किंवा हाकेवर थांबतात. मराठी 'अलक' लिहिणाऱ्यांनी त्यांच्याकडून हे जरूर घ्यावं.

प्रश्न (पुणे) : एसएमएसवरच्या कवितेबद्दल ऐकलं. ती नुसती चारोळी असते की तिला काही नियम आहेत?

नियम आहेत, चांगले कडक आहेत. एसएमएसवर लिहिलेल्या अशा कवितेला 'टेक्स्टूला' म्हणतात : टेक्स्ट अधिक 'तूला', म्हणजे कविता. फ्रँक रिव्हेरा यांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. २००३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संस्कृती व कला आयोगाने मोबाइल संदेशांतून कवितास्पर्धा घेतल्या आणि त्यासाठी तीन जुनी माणकं निवडली :

तानागा : चार ओळी, प्रत्येकी सात अक्षरं.
दियोना : तीन ओळी, प्रत्येकी सात अक्षरं, एकच यमक.
दालित : चार ओळी, प्रत्येकी आठ अक्षरं. आपल्या 'दलित' शब्दाशी तिचा काही संबंध नाही.

तानागाची नोंद नोसेदा आणि सानलुकार या स्पॅनिश पाद्र्यांनी १७५४ मध्ये छापलेल्या तागालोग शब्दकोशातही आहे. म्हणजे अडीच शतकांपूर्वीचा छंद फोनच्या १६० चिन्हांत चपखल बसला. सात अक्षरांच्या चार ओळी रोमन लिपीत सहसा शंभराच्या आसपास जातात, वर नाव-गाव लिहायला जागा उरते. स्पर्धा अशी सहज लोकांत उतरली त्याचं कारण तिथलं मोबाइलवेड. जानेवारी २००१ मध्ये अध्यक्ष एस्त्रादा यांच्याविरुद्ध लोक मनिलाच्या एद्सा रस्त्यावर जमले ते बऱ्याच अंशी संदेश पुढे पाठवत पाठवत.

अक्षरं मोजणं मराठी माणसाला शिकवायला नको. ओवी-अभंगाची सवय असलेल्याला ते कानाने कळतं. तागालोगमध्ये मात्र प्रत्येक स्वर वेगळा मोजायचा. 'ताओ' (माणूस) दोन अक्षरं, 'सा-आन' (कुठे) दोन, 'ओ-ओ' (होय) दोन. अनेकवचनाचं 'मङा' रोमन लिपीत तीनच अक्षरांत, मधे स्वर न देता लिहितात, पण ते दोन मोजायचं. नवखे इथेच चुकतात.

यमकाची पद्धत आणखी वेगळी, आणि ती कळल्याशिवाय तानागा वाचताना 'इथे यमक कुठाय?' असं वाटत राहतं. शेवटचं व्यंजन तेच असण्याची गरज नाही, फक्त ते त्याच गटातलं हवं आणि त्याच्या आधीचा स्वर तोच हवा. ब, क, द, ग, प, स, त हा जड गट. ल, म, न, ङ, र, व, य हा हलका. म्हणून 'दागात' (समुद्र) आणि 'उलाप' (ढग) यांचं यमक जुळतं, 'उलान' (पाऊस) आणि 'आराव' (सूर्य) यांचंही जुळतं, पण 'दागात'-'उलान' जुळत नाही. ए-इ आणि ओ-उ यांना सारखं धरतात. स्वरान्त शब्दात शेवटी घशात आवाज अडतो की नाही हेही पाहतात. 'बाता' म्हणजे अंगरखा मोकळा संपतो, 'बाता' म्हणजे मूल हे घशात अडकून संपतं, आणि पक्क्या कवीच्या कानाला या दोघांचं यमक चालत नाही.

मराठीत तानागा कशी दिसेल, याचा हा नमुना :

गेले पुराचे पाणी,
भिंतीवर निशाणी;
ओली अजून गोणी,
दारी न दिसे कोणी.

प्रत्येक ओळीत सात अक्षरं, चारही ओळींना एक यमक. मोबाइलसाठी एक तांत्रिक बाब : देवनागरी एसएमएसला मर्यादा १६०ची नाही, ७०ची, आणि प्रत्येक काना-मात्रा, वेलांटी, अनुस्वार वेगळा मोजला जातो. वरच्या चार ओळी विरामचिन्हं आणि ओळबदल धरून ६६ भरतात. जोडाक्षरं वाढवली की हिशोब लगेच कोलमडतो, कारण 'स्त्री' हे कानाला एकच अक्षर असलं तरी फोनला ती सहा चिन्हं आहेत.

छंद जमला म्हणजे तानागा झाली असं मात्र नाही. तागालोग वाचक तिच्यात 'तालिंगहागा' शोधतो. एका वस्तूच्या आडून दुसरंच काही बोलणं, कोड्याजवळ जाणारं. वरच्या नमुन्यात तिसरी ओळ ते काम करायला बघते. ओली गोणी म्हणजे धान्य गेलं, हे सांगितलेलं नाही. चारोळीत कवी शेवटी मन मोकळं करतो. तानागात तो वस्तू समोर ठेवून बाजूला होतो.

प्रश्न (कोल्हापूर) : एका फिलिपिनो पुस्तकाचं नाव नुसतं अक्षरांची रांग दिसतं, मधे स्वरच नाहीत. ही टेक्स्ट-टॉकची भाषा का?

बॉब ओंग या टोपणनावाच्या लेखकाचं २००१ मधलं हे पुस्तक. तो स्वतः कधी लोकांसमोर आलेला नाही. नाव रोमन लिपीत फोडून वाचणाऱ्याला कोडं वाटतं, मराठी वाचकाला मुळीच वाटू नये. ते देवनागरीत लिहून बघा : अ-ब-न-क-क-ब-स-न-प-ल-अ-को. वाचलं की झालं : 'आबा, नाकाकाबासा ना पाला आको', म्हणजे 'अरेच्चा, मला वाचता येऊ लागलं की!'

यामागे शाळेतली बाराखडी आहे. लोपे के. सांतोस यांनी १९४०च्या सुमारास राष्ट्रभाषेचं व्याकरण आणि वीस अक्षरांची 'आबाकादा' वर्णमाला रूढ केली. तिच्यात अक्षराचं नाव 'बी', 'के' असं नसून 'बा', 'का' असं आहे, आपल्यासारखंच. स्पॅनिश येण्यापूर्वीची त्यांची 'बायबायिन' लिपीही ब्राह्मीच्या कुळातली, व्यंजनात 'अ' मुरलेला. पहिलीतल्या मुलाने अक्षरं जोडत पहिलं वाक्य वाचावं तसं ते शीर्षक आहे, आणि आतलं पुस्तकही लेखकाच्या शाळा-कॉलेजच्या आठवणींचं आहे. पुस्तकांपासून दूर असलेल्या एका पिढीला या रोजच्या बोलीतल्या लेखनाने वाचायला लावलं.

प्रश्न (ठाणे) : वॉटपॅडवर फिलिपिनो मुली एवढं का लिहितात-वाचतात? त्यात साहित्य किती?

वॉटपॅड कॅनडातलं, २००६ साली सुरू झालेलं. फिलिपाइन्समध्ये ते पसरलं कारण तयार वाचक आधीच होता. 'लिवायवाय' साप्ताहिक १९२२ पासून क्रमशः कादंबऱ्या छापत आलं, आणि १९८०-९०च्या दशकांत खिशात मावणाऱ्या तागालोग प्रेमकथांचा मोठा बाजार उभा राहिला. 'प्रेशस हार्ट्स रोमान्सेस' ही त्यातली सर्वांत गाजलेली मालिका. पुढे तिच्यावर दूरदर्शन मालिकाही निघाल्या. भाड्याने चालणारी ही वाचनाची सवय मोबाइलवर फुकट झाली.

वॉटपॅडवरून आलेल्या 'डायरी नङ पांगेत' (कुरूप मुलीची डायरी) आणि 'शीज डेटिंग द गँगस्टर' या दोन्हींवर २०१४ मध्ये चित्रपट आले. तेव्हापासून प्रकाशकांची वाट उलटी झाली. आधी लाखो वाचनं, मग छापील पुस्तक, मग पडदा.

रचना समजून घ्यायची तर प्रकरणाकडे बघा. प्रत्येक प्रकरण एका बैठकीत फोनवर वाचून संपेल एवढं, वर 'अमुकची बाजू' अशी पाटी, कारण कथा दोघातिघांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली जाते. खाली वाचकांच्या प्रतिक्रिया, आणि 'यूडी ना पो', म्हणजे 'पुढचा भाग टाका ना हो'. तो 'पो' आदराचा आहे, लेखिका सोळा वर्षांची असली तरी. वाचकांची ही ओढ कथेला चालवते आणि तीच तिला बिघडवतेही. भाग लांबवायचा म्हणून अपहरण, स्मृतिभ्रंश, परदेशी निघून जाणं अशी वळणं एकामागून एक येतात आणि मधल्या वीस प्रकरणांत माणसं जागची हलत नाहीत. प्रतिलिपीवरच्या मराठी मालिका वाचणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही रोजच्या भागाचं गणित असंच चालतं.

साहित्य किती, याला सरसकट उत्तर नाही. पण विद्यापीठातल्या लोकांनी ज्या तागलिशला, म्हणजे तागालोग-इंग्रजीच्या मिश्रणाला, वर्षानुवर्षं नाक मुरडलं, तिच्यात सलग कथन करता येतं हे या मुलींनी सिद्ध केलं. हे काम लहान नाही.

प्रश्न (पणजी) : 'त्रेसे' मालिका नेटफ्लिक्सवर पाहिली. मूळ कॉमिकमध्ये वेगळं काय आहे, आणि वाचायला सुरुवात कुठून करावी?

'त्रेसे' हे बजेट तान यांचं लेखन आणि काजो बाल्दिसिमो यांची चित्रं. २००५ मध्ये झेरॉक्स काढून, स्टेपल मारून त्याचे अंक विकायला सुरुवात झाली. दोघंही नोकरी सांभाळून काम करत होते. अंक छोटे, दर अंकात एक प्रकरण पूर्ण. पहिला पुस्तकरूप संग्रह २००८ मध्ये आला, नेटफ्लिक्सची मालिका जून २०२१ मध्ये.

झेरॉक्सचा परिणाम चित्रांत दिसतो. स्वस्त झेरॉक्स यंत्र करड्या छटा खाऊन टाकतं, म्हणून असं कॉमिक सपाट काळ्यावर आणि कोऱ्या पांढऱ्यावर उभं राहतं. 'त्रेसे'ची पानं अंधारात बुडालेली आहेत, आणि रात्रीच्या मनिलाला ते शोभलं. मालिकेतल्या रंगांत हे हरवतं. कॉमिक पहिल्यांदा वाचताना एका पानावर थांबून नुसता काळा भाग कुठे आहे ते बघा. चेहरा कुठून उजळतोय ते समजलं की घटनेतला गुन्हेगार कुठे उभा आहे तेही बहुतेक वेळा कळतं.

दुसरी गोष्ट संदर्भांची. भुताखेतांच्या गुन्ह्यांचा तपास करणारी नायिका अलेक्सांद्रा त्रेसे हिचे जुळे अंगरक्षक आहेत क्रिस्पिन आणि बासिलियो. ही नावं होसे रिसाल यांच्या १८८७ मधल्या 'नोली मे तांगेरे' कादंबरीतल्या दोन गरीब भावांची आहेत, ज्यांच्यावर चर्चमध्ये चोरीचा आळ येतो. ती कादंबरी फिलिपाइन्समधल्या प्रत्येक शाळकरी मुलाने वाचलेली असते, तेव्हा नावं ऐकताच त्याच्या मनात एक जुनी जखम हलते. पहिलं प्रकरण केसॉन सिटीतल्या बालेते ड्राइव्हवर घडतं. पांढऱ्या कपड्यातल्या बाईच्या भुतासाठी तो रस्ता खरोखरच प्रसिद्ध आहे. त्रेसे म्हणजे तेरा. हा स्पॅनिश आकडा तिथे रोजच्या बोलण्यात चालतो.

सुरुवात पहिल्या खंडापासूनच करा, 'मर्डर ऑन बालेते ड्राइव्ह'. अमेरिकन आवृत्तीत चित्रं नव्याने काढलेली आहेत. मूळची खरबरीत रेघ हवी असेल तर फिलिपिनो आवृत्ती शोधा.

ते आवडलं तर पुढे आर्नोल्ड आर्रे यांचं 'द मिथॉलॉजी क्लास' (१९९९), आणि जेरी आलांगिलान यांचं 'एल्मर'. 'एल्मर'मध्ये कोंबड्यांना माणसासारखी बुद्धी आणि वाचा येते, त्यांना नागरिक म्हणून मान्यता मिळते, आणि एक कोंबडा आपल्या मेलेल्या बापाची डायरी वाचतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण भेदभावावरचं एवढं थेट कॉमिक आशियात फार कमी आहे. मानिक्स आब्रेरा यांच्या '१२' आणि '१४' या पुस्तकांत शब्दच नाहीत, ती कुणालाही लगेच वाचता येतील.

प्रश्न (नागपूर) : 'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' म्हणजे विज्ञानकथा का? आणि फिलिपिनो गूढकथा-गुन्हेकथांचं काय?

विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा, पर्यायी इतिहास या सगळ्यांवरची ती छत्री आहे. डीन फ्रान्सिस आल्फार यांनी २००५ मध्ये 'फिलिपाइन स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' या वार्षिक संग्रहाचा पहिला खंड काढला आणि वास्तववादी कथेलाच गंभीर मानणाऱ्या वातावरणात हा दरवाजा उघडला. लेखन बहुतेक इंग्रजीत. तागालोगमध्ये या वळणाची सर्वांत वाचनीय गोष्ट म्हणजे एदगार कालाबिया सामार यांची कुमारांसाठीची 'जानुस सिलांग' मालिका, २०१४ पासूनची. एक ऑनलाइन खेळ, तो खेळणारी मुलं एकाएकी मरणं, आणि मागे लोककथेतला तियानाक, म्हणजे बाळाच्या रूपातलं भूत.

मराठी वाचकाने एका शब्दाकडे लक्ष द्यावं : 'दिवाता'. तो आपल्या 'देवता'तूनच गेलेला आहे, जसे 'गुरो', 'मुखा', 'दुखा' हे गेले. पण कथेतली दिवाता ही रानात, डोंगरात, झाडात राहणारी, रूपवान, लहरी शक्ती आहे. तिची पूजेपेक्षा मर्जी सांभाळावी लागते. भाषांतरात 'देवता' लिहिलं तर देऊळ डोळ्यापुढे येतं आणि कथा फसते. 'वनदेवी'ही जरा सोज्वळच होतं. शब्द तसाच 'दिवाता' ठेवावा.

गुन्हेकथेत एफ. एच. बाताकान यांची 'स्मॉलर अँड स्मॉलर सर्कल्स' वाचा. हस्तलिखिताला १९९९ चं पालांका पारितोषिक, पुस्तक २००२ मध्ये. पायातासच्या कचऱ्याच्या डोंगराजवळच्या मुलांच्या खुनांचा तपास दोन जेझुइट पाद्री करतात. तपास पाद्र्यांकडे का, हे कादंबरी वाचताना तिथल्या पोलिसयंत्रणेबद्दल बरंच सांगून जातं. कल्पितापलीकडचं हवं असेल तर पॅट्रिशिया एव्हांखेलिस्ता यांचं 'सम पीपल नीड किलिंग' (२०२३) हे अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेतल्या हत्यांवरचं वृत्तकथन. सध्याच्या फिलिपिनो गद्यात ते सर्वांत महत्त्वाचं पुस्तक आहे, असं आमचं मत.

प्रश्न (सोलापूर) : मंचावरची 'स्पोकन वर्ड' कविता तरुणांत चालते म्हणे. ती अमेरिकन नक्कल नाही का?

माइक आणि कॅफे अमेरिकन असतील, वाद घालण्याची हौस घरची आहे. ६ एप्रिल १९२४ रोजी मनिलात तोंडो भागातल्या मुलींच्या शाळेत पहिली 'बालागतासान' झाली, फ्रान्सिस्को बालागतास या कवीच्या नावाने. होसे कोरासोन दे हेसुस फुलपाखरू झाले, फ्लोरेंतिनो कोल्यांतेस भुंगा, आणि एका कळीवर हक्क कुणाचा यावर पद्यात भांडण. मधे पंच. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब ऐकलेल्या सोलापूरकराला वेगळं समजावून सांगायला नको. २०१० मध्ये सुरू झालेली 'फ्लिपटॉप' ही तागालोग रॅपची झुंज याच घराण्यातली. प्रेमभंगाच्या 'हुगोत' ओळी, म्हणजे आतून उपसून काढलेल्या, या प्रकारात एवढ्या वाढल्या की बऱ्याच कविता आता एकाच आवाजात रडतात. तिथे निवड करून ऐकावं.

प्रश्न (बडोदा) : फिलिपिनो कथा मराठीत आणायची आहे. इंग्रजीवरून केली तर काय हरवेल?

अशा गोष्टी हरवतील की ज्या मराठीत सहज राहिल्या असत्या. तागालोगमध्ये ऐकीव गोष्टीला 'दाव' किंवा 'राव' लावतात. इंग्रजी अनुवादक 'असं कळतं' छापाचं काहीतरी लिहितो किंवा गाळतो. मराठीत त्याचा सख्खा भाऊ आहे : 'म्हणे'. 'उमालिस ना राव सिया' : 'गेला म्हणे'. अचानक उमगल्याचं 'पाला' : 'इकाव पाला!' म्हणजे 'तू होय!'

त्याहून मोठी गोष्ट आपण-आम्हीची. त्यांच्याकडे 'तायो' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण, 'कामी' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही. 'कुमाइन ना तायो' : चला, जेवू या. 'कुमाइन ना कामी' : आमचं झालंय जेवण. एका शब्दाने माणूस पंक्तीत बसतो किंवा उठवला जातो. इंग्रजीत दोन्हीला एकच सर्वनाम. संप, मोर्चा, वाटणी, सासर अशा कथांत सगळा ताण याच शब्दात असतो. इंग्रजीवरून काम करावं लागलंच तर प्रत्येक बहुवचनी सर्वनामापाशी थांबून मूळ पानावर 'तायो' आहे की 'कामी' एवढं तरी तपासा. तागालोग न येणाऱ्यालाही हे शब्द पानावर शोधता येतात.

उलटी अडचण 'सिया'ची. त्याचा अर्थ तो किंवा ती, लिंग कळत नाही. कित्येक दाग्ली आणि समलिंगी प्रेमाच्या कथा या न कळण्यावर उभ्या असतात, आणि मराठी क्रियापद पहिल्याच वाक्यात चाडी करतं. उपाय आहेत. निवेदक 'मी' असेल तर भूतकाळात सकर्मक क्रियापदं वापरा : 'मी दार लावलं, पत्र वाचलं, दिवा मालवला'. यात स्त्री-पुरुष कळत नाही. 'मी गेलो/गेले' आलं की कळलं. भविष्यकाळ सुरक्षित : 'मी येईन'. तिसऱ्या व्यक्तीसाठी कर्ता गाळा, किंवा 'शेजारचं माणूस' असं नपुंसकलिंगी ठेवा. चार-पाच वाक्यं असं निभतं. अख्खी कादंबरी निभणार नाही, तिथे लेखकाला विचारून निर्णय घ्या.

'कुया' आणि 'आते' हे थोरल्या भावा-बहिणीचे शब्द. रिक्षावाल्यालाही 'कुया' म्हणतात. तिथे 'दादा', 'ताई' बिनधास्त लिहा. तागलिशला शुद्ध मराठी करू नका. पात्र जसं डोंबिवलीच्या लोकलमध्ये बोललं असतं तसं बोलू द्या.

परवानगीचं. फिलिपाइन्समध्ये हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं राहतात, भारतात ६०. सुरक्षित म्हणून ६० धरा. दे हेसुस १९३२ मध्ये वारले, लोपे के. सांतोस १९६३ मध्ये. दोघांचं मूळ लेखन मोकळं आहे. मात्र आधुनिक संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि इंग्रजी अनुवाद यांचे हक्क वेगळे, त्यावरून भाषांतर करायचं तर परवानगी लागेलच. हयात लेखकांसाठी प्रकाशकाला पत्र लिहा : कथेचं नाव, मराठी शब्दसंख्या, छापील की डिजिटल, किती प्रती, मानधन किती. एका कथेसाठी एक पान पुरतं. सोबत पहिल्या दोन परिच्छेदांचा मराठी मसुदा आणि त्याचा शब्दशः इंग्रजी उलथा जोडला तर लेखकाला तुम्ही 'सिया'चं काय केलंत ते तिथेच दिसेल.